असरनंतरचा तास: रमजानमध्ये मन कसं लावावं

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानचा अकरावा रोजा माझ्या चांगला लक्षात आहे. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, अजान झाली तेव्हा माझ्या एका हातात खजूर होता आणि दुसऱ्या हातात झारा. कढई तापलेली, मुलगा मागून विचारत होता, "अम्मी, पाणी भरलं का?" खजूर तोंडात टाकून मी पुन्हा कढईकडे वळले. रात्री इशाच्या नमाजनंतर जानमाजवर, नमाजच्या चटईवर, बसले आणि हिशोब लागला की अकरा दिवसांत रोजा सोडताना मी एकही दुआ धड मागितली नव्हती. रोजे अकराच्या अकरा झाले होते. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, येतं की तिघांची दुआ परत फिरवली जात नाही: न्यायी राज्यकर्ता, रोजा सोडेपर्यंतचा रोजेदार आणि जुलूम झालेला माणूस. म्हणजे रोज संध्याकाळी दार उघडं होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते.

भूक आपोआप लागते, ती शिकावी लागत नाही. भुकेनं दिवसात जी जागा मोकळी होते, मन जे मऊ होतं, त्याचं काय करायचं हे मात्र आधी ठरवून ठेवावं लागतं. नाहीतर ती जागा स्वयंपाकघर, फोन आणि ईदची खरेदी खाऊन टाकतात. मी काय ठरवलं आणि त्यातलं काय टिकलं, ते इथं लिहिते आहे. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही. हिशोब लिहिण्याची नोकरी करते, घर चालवते. मसल्यांसाठी, म्हणजे धर्मनियमांच्या प्रश्नांसाठी, तुमच्या जाणत्या आलिमांनाच विचारा.

तयारी शाबानमध्ये

रमजानचा चाँद दिसल्यावर तयारी सुरू केली की पहिला आठवडा हातचा जातो. मी शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, पंधरवड्यात तीन कामं उरकते. गेल्या वर्षीचे कजा रोजे, म्हणजे सुटलेले आणि नंतर भरून काढायचे, राहिले असतील तर ते पूर्ण करते. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या पत्नी हजरत आयशा (र.) यांचेही कजा रोजे शाबानपर्यंत राहत, हे त्यांनीच सांगितलेलं आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून जीव जाळत बसत नाही. दुसरं, ईदचे कपडे तेव्हाच घेते. तिसरं म्हणजे जकातचा, आपल्या संपत्तीतून द्यायच्या बंधनकारक दानाचा, हिशोब. दागिने, बचत, कुणाला उसने दिलेले पैसे, हे सगळं एका कागदावर. 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदीइतका निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान संपत्ती, पुरा होत असेल आणि चांद्रवर्ष उलटलं असेल, तर अडीच टक्के. हा हिशोब रोज्यात करायला बसले की डोकं पैशात अडकतं. आधी झाला की रमजानमध्ये फक्त द्यायचं काम उरतं.

आणि एक वाचन. कुरआनच्या सूरह बकरामधल्या 183 ते 187 या पाच आयती अर्थासह, सावकाश, निदान तीनदा वाचा. रोजे हिजरी सन 2 मध्ये फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले, ते याच आयतींनी. पहिल्या आयतीत कारण दिलं आहे: तुमच्यात तकवा, म्हणजे अल्लाहचं भान, यावं म्हणून. पुढे 'मोजकेच दिवस' म्हटलंय, आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे, कुरआन याच महिन्यात उतरला हे सांगितलंय. शेवटच्या आयतीत पहाटेच्या पांढऱ्या आणि काळ्या दोऱ्याचा, म्हणजे सेहरी कधी थांबवायची याचा नियम आहे. या सगळ्या नियमांच्या मधोमध 186वी आयत येते. तिच्यात रोज्याचा उल्लेखसुद्धा नाही. माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याच्या हाकेला मी उत्तर देतो, असं ती म्हणते. अनेक वर्षं मी ही आयत नुसती वाचून पुढे जात होते. त्या अकराव्या रोज्यानंतर पहिल्यांदा विचार केला की ती नेमकी इथंच का असावी. मला जे उमगलं ते असं, की रोज्याचे सगळे नियम तिच्या दोन्ही बाजूंना कुंपणासारखे उभे आहेत, आणि आत आहे ती ही जवळीक.

असर ते मगरिब

बाराव्या रोज्यापासून मी हा तास, दुपारनंतरच्या असरच्या नमाजपासून मगरिबपर्यंतचा, राखायला लागले. सोपं गेलं नाही. म्हणून कसं केलं ते तपशीलवार सांगते.

आधी इफ्तार साधा केला. खजूर, पाणी आणि एकच पदार्थ. जेवण नंतर, मगरिबची नमाज झाल्यावर. पहिल्या दिवशी घरात सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. चौथ्या दिवशी कुणाला आठवणही नव्हती. स्वयंपाक असरच्या आत उरकायचा, जे गरम लागतं ते फक्त गरम करायचं. दस्तरखान मुलानं अंथरायचा, फळं नवऱ्यानं चिरायची, पाण्याचे पेले मुलीनं भरायचे.

इथं घरातल्या पुरुषांशी थेट बोलते. तुम्ही या वेळेला तस्बीह, म्हणजे जपमाळ, घेऊन बसता आणि घरातली रोजेदार बाई आचेसमोर उभी असते. तिचाही रोजा तितकाच लांब आहे, तिच्याही दुआची तीच वेळ आहे. नबी (स.) घरी काय करत असत, असं विचारल्यावर हजरत आयशा यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. हीसुद्धा सुन्नत, म्हणजे नबींची रीत, आहे. रमजानमध्ये ती पाळणं सगळ्यात जास्त गरजेचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग जागा. आमच्या खोलीत दारामागे जानमाज मावेल एवढा कोपरा आहे. फोन दुसऱ्या खोलीत, कपाटाच्या खणात. अजान कळायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं.

पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं बसायचं ठरवलं आणि पाच मिनिटांत दुआ संपली. उरलेला वेळ भाजीत मीठ घातलं की नाही याच विचारात गेला. तुमचंही असंच होईल, तर घाबरू नका. पंधरा मिनिटांनी सुरुवात करा आणि दर चार-पाच दिवसांनी थोडी वाढवा. दुआला क्रम असला की मन भरकटत नाही, आणि तो क्रम नबींनीच शिकवलेला आहे: आधी अल्लाहची हम्द, म्हणजे स्तुती, मग दरूद, म्हणजे नबींसाठी दुआ, मग जे मागायचं ते. हम्द करताना मी त्या दिवशीच्या तीन गोष्टी नाव घेऊन सांगते. "तुझे आभार" एवढ्यावर सोडत नाही. मुलाचा ताप उतरला, ऑफिसातली चूक वेळेत सापडली, सेहरीला जाग आली, अशा. नंतर इस्तिगफार, म्हणजे माफी मागणं, तोही नेमका: आज काय चुकलं, कुणाशी. मागणं मी माझ्या रोजच्या बोलीत करते. ज्या भाषेत अम्मीजवळ रडले त्याच भाषेत रबाजवळ रडता येतं.

आणि एक वही. हिरव्या पुठ्ठ्याची, साधी. तिच्यात नावं लिहिली. घरचे, आजारी शेजारीण, ऑफिसातली मुलगी जिचं लग्न मोडलं ती, गेलेले अब्बा. रोज दहा नावं, प्रत्येकासाठी एक नेमकं मागणं. वही नसती तर मी स्वतःसाठी आणि मुलांसाठी मागून उठले असते.

चौदाव्या रोज्याला त्या वहीत एक नाव लिहायला पेन उचललं आणि हात थांबला. ते माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. अब्बांच्या आजारपणातल्या खर्चावरून आमचं बोलणं बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरणं मुसलमानाला हलाल नाही, ही हदीस मला लहानपणापासून पाठ. तरी दीड वर्ष. त्या दिवशी नाव लिहिलं, पण दुआ नाही मागता आली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, "या अल्लाह, तिला बरं ठेव." तिच्याविषयी पुढे सांगते, कारण मधे जिभेचा विषय आला आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्या.

जिभेचा रोजा

नबी (स.) यांचं म्हणणं बुखारी या हदीससंग्रहात आहे: जो खोटं बोलणं आणि त्यावर वागणं सोडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. मी खोटं बोलत नाही, म्हणून हे आपल्याला लागू नाही असं मला वाटत होतं. गीबतचा, म्हणजे पाठीमागे वाईट बोलण्याचा, अर्थ नीट वाचला तेव्हा पायाखालची जमीन हलली. सहाबांनी, म्हणजे नबींच्या सोबत्यांनी, विचारलं, आम्ही सांगतो ते त्या माणसात खरोखर असेल तर? उत्तर मिळालं, असेल तर ती गीबत, आणि नसेल तर तो बोहतान, म्हणजे खोटा आळ. म्हणजे "खरं तेच तर सांगतेय" हा माझा बचाव मुळातच गेला. सूरह हुजुरातमध्ये गीबतीला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. दिवसभर हलाल अन्न तोंडात घालायचं नाही आणि हे मात्र चालू ठेवायचं.

मी काय केलं ते सांगते. त्याच वहीच्या मागच्या पानावर, कुणाच्या पाठीमागे वावगं बोलले की एक रेघ. पहिल्या दिवशी असरपर्यंत नऊ रेघा झाल्या. पाच दिवसांच्या रेघा पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. बहुतेक रेघा दुपारी तीन ते पाचच्या होत्या. अंगातली ताकद संपलेली, झोप अपुरी, आणि शेजारच्या टेबलावर तितकीच थकलेली सोबतीण. माझ्या स्वभावाइतकीच त्यात थकव्याची चूक होती. थकव्यावर इलाज करता येतो. मी जोहरनंतर, दुपारच्या नमाजनंतर, वीस मिनिटं डोळे मिटायला लागले, आणि तीन ते पाच या वेळेत एकटीनं करायची कामं ठेवली. दहाव्या दिवशी रेघा दोनवर आल्या. तुमची वेळ वेगळी असेल, कुणाची रात्री तरावीहनंतर, रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजनंतर, फोनवर असेल. रेघा ओढल्याशिवाय ती सापडत नाही.

रागाचंही तसंच. कुणी भांडायला आलं तर "मी रोजेदार आहे" असं म्हणायला सांगितलं आहे. हे मोठ्यानं म्हणावं की मनात, यावर उलेमांमध्ये मतं आहेत. मी मनात म्हणते, कारण मोठ्यानं म्हटलं की माझ्या तोंडून ते टोमण्यासारखं निघतं. उभे असाल तर बसा, बसूनही राग गेला नाही तर आडवे व्हा, हीही हदीस आहे. करून बघा. बसून ओरडणं खरंच अवघड जातं.

बहिणीकडे परत येते. रोज संध्याकाळी जिच्यासाठी दुआ मागायची तिच्याविषयी दुपारी वाईट बोलायला जीभ वळेना. हे मी ठरवून केलं नव्हतं. मुस्लिम शरीफ या हदीससंग्रहात आहे की सोमवारी आणि गुरुवारी माफी वाटली जाते, पण ज्या दोघांमध्ये वैर आहे त्यांच्याविषयी म्हटलं जातं, या दोघांना थांबवा, समेट होईपर्यंत. चोविसाव्या रोज्याला मगरिबला सात मिनिटं असताना मी खणातला फोन काढला. त्या वेळेत फोन न घेण्याचा माझाच नियम मोडला. तिनं उचलला, पण काही बोलली नाही. मीही नाही. दोघींकडे एकदमच अजान सुरू झाली. ती म्हणाली, "आपा, पाणी पी आधी."

कुरआन: किती आणि कसं

हिशोब सोपा आहे. मदिनेत छापलेल्या मुसहफची, म्हणजे कुरआनच्या प्रतीची, पानं 604, पारे, म्हणजे भाग, 30. रोज वीस पानं, म्हणजे प्रत्येक फर्ज नमाजमागे चार. या पद्धतीनं मी बारा-तेरा वर्षं खत्म, म्हणजे पूर्ण वाचन, केले आणि त्याचा मला आनंद आहे. पण शेवटच्या पाऱ्यांत मी गाडी गाठायची असल्यासारखी वाचत होते. आता तरावीहमध्ये पूर्ण ऐकते आणि स्वतः रोज दोनच पानं तर्जुम्यासह, म्हणजे अनुवादासह, वाचते. दर रमजानला फरिश्ते जिब्रील (अ.) नबींसोबत कुरआनची उजळणी करत, आणि अखेरच्या वर्षी ती दोनदा झाली. ती दोघांमधली उजळणी होती, म्हणून मीही मुलीला शेजारी बसवते. एक आयत ती वाचते, एक मी.

दोन पानंही जड जात असतील तर फक्त फातिहा, कुरआनची पहिली सूरह, घ्या. सात आयती. घरी एकटीनं पढणारी बाई फर्ज नमाजांत मिळून दिवसाला सतरा वेळा ती म्हणते. हदीस-ए-कुदसीत, म्हणजे नबींनी सांगितलेल्या अल्लाहच्या वचनात, आहे की बंदा 'अल्हम्दुलिल्लाहि रब्बिल आलमीन' म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्यानं माझी हम्द केली, आणि अशीच पुढच्या आयतींनाही उत्तरं आहेत. प्रत्येक आयतीनंतर एक श्वास थांबा. मी एका रमजानमध्ये एवढंच केलं आणि माझी नमाज सगळ्यात जास्त बदलली ती त्याच वर्षी. तरावीह आठ की वीस, या वादात मात्र मी पडत नाही. तुमच्या मशिदीत जितक्या होतात तितक्या शांतपणे पढा.

रोजा नसलेले दिवस

मासिक पाळीचे सहा-सात दिवस मला तरुणपणी रमजानमधून बाहेर काढल्यासारखे वाटत. सगळे सेहरीला उठत आणि मी पांघरुणात पडून राही. आज तरुण मुलींना सांगते, त्याच वेळेला उठा. नमाज आणि रोजा नाही; पण जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, आहे, दुआ आहे, कुरआन ऐकणं आहे, इस्तिगफार आहे. असरनंतरचा तास तर तसाच्या तसा राखता येतो. रोजा ज्याच्या हुकमानं धरायचा, त्याच्याच हुकमानं तो सोडायचा, यात कमीपणा कसला? रोज्यांची कजा आहे, त्या दिवसांच्या नमाजची नाही, हेही हजरत आयशा यांनीच सांगितलेलं आहे.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. डॉक्टरांनी रोजा मना केला तेव्हा त्या आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मग एकदा मी त्यांना 185वी आयत अर्थासह वाचून दाखवली: अल्लाह तुमच्यासाठी सोपेपणा इच्छितो, अवघडपणा इच्छित नाही. बरं होण्याची आशा नसलेल्या आजारात फिदया आहे, एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण. सासूबाई आता ते जेवण स्वतः बांधून देतात, रोजच्या रोज, इफ्तारच्या आधी. बसून करतात, पण करतात. आमच्या घरातली त्या महिन्यातली सगळ्यात नेटानं चाललेली इबादत मला तीच वाटते.

शेवटच्या दहा रात्री

लैलतुल कद्र, कुरआन उतरला ती रात्र, हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ आहे. हजार महिने म्हणजे 83 वर्षं 4 महिने, एक अख्खं आयुष्य. ती शेवटच्या दहांतल्या विषम रात्रींत शोधायला सांगितली आहे. पुष्कळजण फक्त सत्ताविसावी जागतात. माझा सल्ला आहे की दहाही रात्री थोडं थोडं करा. एक तर चाँद सगळीकडे एकाच दिवशी दिसत नाही, त्यामुळे तुमची सम रात्र दुसरीकडे विषम असते. दुसरं, एका रात्री सगळं ओतलं की सकाळी फजर, पहाटेची नमाज, जाते, हे मी स्वतः भोगलंय. आणि लक्षात ठेवा, इस्लामी दिवस सूर्यास्तानं सुरू होतो: एकविसावी रात्र ही विसावा रोजा सोडल्यावर लगेच येते. पहिल्या वर्षी मी ती चुकवली होती.

माझं दहा रात्रींचं ठरलेलं एवढंच: सेहरीच्या पाऊण तास आधी उठून दोन रकात, एक पान कुरआन, डब्यात थोडी सदक्याची, म्हणजे ऐच्छिक दानाची, रक्कम, आणि हजरत आयशा यांना शिकवलेली दुआ, 'अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी'. अर्थ असा, तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मला माफ कर. नबी (स.) या दहा रात्रींत घरच्यांनाही उठवत, म्हणून मुलांना हलकेच हाक मारते. उठली तर उठली; ओढून काढत नाही. ज्याला इतिकाफ, म्हणजे इबादतीसाठी मशिदीत मुक्काम, जमतो त्यानं तो जरूर करावा. घरी कोपऱ्यात बसणारीनं निदान बातम्या आणि खरेदी त्या दहा दिवसांपुरती बंद ठेवावी.

फित्रा, रमजान संपताना गरजूंना द्यायचं दान, ईदच्या नमाजआधी पोहोचलंच पाहिजे. नंतर दिला तर तो साधा सदका होतो.

ईदनंतर

अल्लाहला सगळ्यात प्रिय अमल तो, जो नेमानं होतो, थोडा का असेना. म्हणून ईदच्या आदल्या रात्री मी वहीत एकच गोष्ट लिहिते, जी पुढच्या अकरा महिन्यांत चालू राहील. एकच. ज्या वर्षी पाच लिहिल्या त्या वर्षी शव्वाल, ईदचा महिना, संपेपर्यंत पाचही गळून पडल्या होत्या. बहिणीशी बोलणं सुरू झालं त्या वर्षी मात्र असरनंतरची दहा मिनिटं लिहिली, आणि ती अजून चालू आहेत. दुआसाठी राहिलेली नावं नव्या पानावर उतरवून घेतली.

कजाचे रोजे बहिणीचेही सहा होते आणि माझेही सहा. शव्वालच्या दुसऱ्या सोमवारी आम्ही दोघींनी पहिला एकत्र धरला, ती तिच्या घरी, मी माझ्या. पहाटे घड्याळाच्या गजराआधी फोन वाजला. "आपा, ऊठ," ती म्हणाली, "वीसच मिनिटं उरलीत."